आरशासारखी बाटली

शके, मेलीस ती मेलीस, पण जाता जाता मला पुन्हा एकदा तोंडघशी पाडून गेलीस. "बरी झाले की पहिलं काम तेच करते," म्हणाली होतीस. पिवळ्याधमक तोंडानं, माझा हात धरून म्हणाली होतीस. झालीस बरी! आता मी कुणाचा हात धरू आणि कुणाला विचारू, की बाई, ते पहिलं काम कुठं राहिलं?

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. बोलू देत. त्यांना तू सगळ्यांना नमस्कार करत जिना चढणारी शकुंतलाबाई म्हणून ठाऊक होतीस. मला शकी ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत प्राणिशास्त्राच्या खोलीतून डबा घेऊन माझ्या रसायनाच्या खोलीत येणारी, माझ्या शेंगाचटणीवर हात मारणारी आणि स्वतःच्या डब्यातला कालवणाचा कप्पा माझ्यापासून लांब, खिडकीत नेऊन उघडणारी. दोघींची लग्नं झाली नव्हती, म्हणून स्टाफरूममध्ये आपल्याला जोडीनंच धरायचे. एकीला निरोप दिला की दुसरीला पोचला असं समजायचे. तेव्हा तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं की वाईट, ते माझं मी ठरवीन.

आणि मी वाईटच बोलणार आहे. सोसवत नसेल तर कान झाकून घे.

तुझी ती टाकी! जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, त्या आपल्या सोलापुरात बाईला कॉलेजच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी हवी. मुलींची सहल घेऊन रत्नागिरीला गेलीस आणि येताना पट्ट्यापट्ट्यांचे मासे घेऊन आलीस. एका कॅनमध्ये दगडाला चिकटलेलं समुद्रफूल, नावाचं फूल पण जिवंत प्राणी. एस.टी.त तो कॅन रात्रभर मांडीवर घेऊन बसली होतीस म्हणे. पुढं तुझ्या भावाच्या चादरींचे गठ्ठे कोकणात घेऊन जाणारा ट्रक परतताना समुद्राचं पाणी आणायला लागला. तुझा भाऊ मागांच्या खडखडाटात ओरडून सांगायचा, "लोक कोकणातनं आंबे आणतेत, आमची ही पाणी आणती!" उन्हाळ्यात तू टाकीभोवती घरची ओली चादर गुंडाळायचीस आणि पंखा माशांकडं फिरवायचीस. आम्ही घामानं निथळत पेपर तपासायचो आणि मासे गार हवेत फिरायचे. पाणी आटलं की माझ्या दारात उभी. "मालन, समुद्र आटला गं, बाटलीभर डिस्टिल्ड दे की." मी द्यायचे. का द्यायचे कोण जाणे.

खरं सांगू? मला ते समुद्रफूल आवडायचं. वासाच्या नावानं मी त्या खोलीत जायचे नाही, पण दाराबाहेरून बघायचे. तुझी चाहूल लागली की ते उमलायचं. तू म्हणायचीस, "बघ, मला ओळखतं." मी म्हणायचे, "तुला नाही, तुझ्या हातातल्या खाण्याला." त्यावरून आपलं निम्मं वर्ष भांडण चाललं होतं आणि त्याचा निकाल आता लागायचा नाही.

मग तू कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलंस की अशा टाकीत फॉस्फेट साठत जातं. माशांना घातलेल्या खाण्यातून, त्यांच्या घाणीतून. ते वाढलं की शेवाळ माजतं आणि समुद्रफुलासारखा नाजूक जीव टिकत नाही. "तू मोजून दे," म्हणालीस. मी हो म्हटलं. त्यात अवघड काय होतं? पाण्यात मोलिब्डेटचं द्रावण घालायचं, वर कथलाच्या क्लोराइडचे थेंब सोडायचे. फॉस्फेट असेल तर पाणी निळं होतं. जितकं जास्त, तितकं गर्द. शेजारी माहीत असलेल्या मापाच्या नळ्या ठेवायच्या आणि खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, रंगाशी रंग लावून बघायचा. कॉलेजच्या सगळ्या पाण्याच्या तपासण्या तेव्हा माझ्याकडंच होत्या. माझ्या हाताकडं कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं.

तू बाटली आणलीस ती इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून, देवाला नैवेद्य आणावा तशी. भरलेली, बूच लावलेली. मी थेंब सोडले आणि पाणी निळंशार झालं.

"शके, तुझं पाणी घाण हाय गं."

"काहीतरीच! मासे तर मजेत हायती."

"तू त्यांना जावयासारखं खायला घालतेस."

"चिमूटभर घालते की!"

"मग तुझी चिमूट मोठी आहे. बाटली स्वच्छ होती ना?"

"आरशासारखी!" असं म्हणून तू रुमाल झटकलास आणि घडी केलीस.

हे मी विचारलं होतं, शके. नीट ऐक. मी विचारलं होतं. माझ्या नळ्या मी माझ्या हातानं आम्लानं धुवायचे. साधं डिस्टिल्ड वॉटर घेऊन तीच रसायनं घातली तर ते पाणी पांढरंच राहायचं. म्हणजे रसायनं चोख, नळ्या चोख. तुझी बाटली भरून यायची. भरलेली बाटली मी कशी धुणार होते? तू आरशासारखी म्हणालीस, मी विश्वास ठेवला. मैत्रिणीवर विश्वास ठेवू नये असं आम्हाला रसायनशास्त्रात शिकवलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी म्हणणारच. दर वेळी बाटली निळी. दर वेळी तू निम्मं पाणी उपसून टाकायचीस आणि भावाच्या पाया पडून नवीन मागवायचीस. आणि साल कुठलं? दुष्काळाचं. बायका टँकरमागं घागरी घेऊन पळत होत्या आणि तू समुद्र गटारात ओतत होतीस. नव्या पाण्याचा मेळ जुन्या पाण्याशी बसेना. कधी ते उन्हात ट्रकमध्ये तापलेलं, कधी जास्त खारं. मासे टिकले, ते काटक होते. समुद्रफूल एका सकाळी दगडावरून सुटून खाली पडलं होतं. आक्रसून सुपारीएवढं झालं होतं. तू ते तळहातावर घेऊन माझ्या दारात आलीस. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

तेवढ्यावर थांबली असतीस तर मी आज रडत बसले असते, लिहीत बसले नसते.

पण तू मुंबईच्या एका प्रयोगशाळेला पाणी पाठवलंस. त्यांनी स्वतःचीच बाटली धाडली होती, तीत टाकीचं पाणी भरून दिलंस. उत्तर आलं की फॉस्फेट नावालासुद्धा नाही. ते घेऊन तू स्टाफरूममध्ये आलीस. प्राचार्य चहा पीत होते, आमचे विभागप्रमुख होते, सगळे होते. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "माझं समुद्रफूल पाण्यानं नाही मेलं. मालनच्या हातानं मेलं."

माझ्या हातानं. इतक्या माणसांत. प्राचार्यांनी कप खाली ठेवला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आठवड्याच्या आत तपासणीचं काम माझ्याकडून काढून देशमानेला दिलं. देशमाने! जो मोजनळीला तोंड लावून ओढताना आम्ल चाखून मोकळा झाला होता, तो! मला खालच्या वर्गांची प्रात्यक्षिकं. पोरंही कमी नसतात. माझ्याकडून काही बघायला घ्यायचं असलं की म्हणायची, "निळ्या बाईंकडं नको रे, त्यांच्या हातात पांढरं पण निळं होतंय." कॉरिडॉरमधून जाताना मागून ऐकू यायचं, निळ्या बाई, निळ्या बाई. बार्शीला घरी गेले तर तिथंसुद्धा भाचीनं विचारलं, आत्या, तुला निळ्या बाई का म्हणतात? तिची मैत्रीण आपल्या कॉलेजात होती ना. मी म्हटलं, निळं लुगडं नेसते म्हणून. त्यानंतर निळं लुगडं मी ट्रंकेत घातलं ते आजतागायत बाहेर काढलं नाही.

मी रात्रंदिवस ताळा करत बसले. नवी रसायनं मागवली, नळ्या बदलल्या, खिडकी बदलली. कुठं चुकलं ते सापडेना. सापडणार कुठून? चूक माझ्या खोलीत नव्हतीच. साखर पेठेत, तुझ्या घरच्या मोरीत होती.

पुढच्या उन्हाळ्यात तू पुण्याला शिक्षकांच्या वर्गाला गेलीस. परत आलीस आणि देशमानेकडून आम्ल मागून न्यायला लागलीस. तो मला मिरवत सांगायचा, शकुंतलाबाईंना शिंपले धुवायला लागतं. शिंपले! त्याच महिन्यापासून टाकीचं पाणी त्याच्याकडं तपासायला द्यायला लागलीस, आणि ते निळं होईना. आणि नाव कुणाचं झालं? देशमानेचं. "देशमाने आले आणि आकडे सरळ झाले," असं प्राचार्य पाहुण्यांना टाकीसमोर उभं करून सांगायचे. तू शेजारी उभी असायचीस. तोंडातून शब्द काढला नाहीस.

तुला सगळं कळलं होतं, आणि तू गप्प होतीस. हे मला कळलं कधी? तर तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा.

कावीळ झालीय ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही. आपलं बोलणं बंद होऊन किती दिवस झाले होते, पण मी ताकभात घेऊन रिक्षा केली. तुझ्या आई, अम्मा, दारातच म्हणाल्या, "आली का गं मालन? तुझंच नाव काढती." तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. वळलीस तर डोळेसुद्धा हळदीसारखे. मी डबा उघडायला लागले आणि तू म्हणालीस, "पावडर होती गं मालन."

"कसली पावडर?"

"कपड्याची. त्यानं बाटल्या धुवत होते मी."

मग सांगितलंस. एकदा आमचे विभागप्रमुख तुझ्या बाटलीकडं बघून नाकाला रुमाल लावून म्हणाले होते, मासळी बाजार इकडं कुठं आणला? ते तुझ्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून बाटल्या घरी न्यायच्या, नव्यानं निघालेल्या त्या कपड्याच्या पावडरीनं मनगट दुखेपर्यंत घासायच्या, वास म्हणून उरू द्यायचा नाही. आणि विसळायच्या कशात? वाटीभर पाण्यात. नळाला पाणी कुठं होतं त्या वर्षी! वरून त्याच पावडरीत धुतलेल्या रुमालाचं टोक आत घालून पुसायच्या, की झाली आरशासारखी. त्या पावडरीत फॉस्फेट ठासून भरलेलं असतं. पुण्याच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी पहिल्याच तासाला बजावलं की साबणाची पावडर पाणी तपासायच्या बाटल्यांच्या जवळपास आणायची नाही. तू पहिल्या बाकावर बसली होतीस आणि तुझी लेखणी तिथंच थांबली.

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"लाज वाटली. सगळ्यांसमोर बोलून बसले होते की." मग भिंतीकडं वळून म्हणालीस, "आणि ते मीच मारलं, हे मानवतच न्हवतं गं. तुझ्या नावावर होतं तोवर सोपं जायचं."

हे वाक्य मी विसरणार नाही, शके. तुझं पाप माझ्या पदरात टाकून तू सुखानं झोपत होतीस. मी म्हटलं, "आत्ता प्राचार्यांना बोलावते, आत्ता सांग." तू हात धरलास. "असलं पिवळं तोंड घेऊन नको. बरी झाले की स्वतः येते. सगळ्यांसमोर सांगते. पहिलं काम तेच."

मी हात सोडवला, डब्याचं झाकण लावलं आणि डबा घेऊन निघून आले. तुला घासभर दिला नाही. रिक्षात बसल्यावर ताकभात मांडीवर सांडला. कुणी म्हणेल, मरणाच्या दारातल्या बाईशी असं वागावं का? मला काय माहीत तू दारात आहेस! मला वाटलं, चांगली उठशील, येशील, तोंड खाली घालून सांगशील. मी त्या दिवसाची वाट बघत होते. कुठलं लुगडं नेसायचं तेही ठरवलं होतं. आणि तू चारआठ दिवसांत गेलीस.

आता कालचं ऐक. तुझी शोकसभा होती.

सभेआधी अम्मा आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. "शकूच्या बाटल्या घरात राहिल्या होत्या. कॉलेजचं कॉलेजला," म्हणाल्या. "तशाच कशा आणायच्या? धुऊन आणल्या." मी एक बाटली उचलून नाकाला लावली. पावडरीचाच वास. लख्ख घासलेली, आरशासारखी. टंचाई गेली तरी वाटीभर पाण्यात विसळायची सवय अम्मांची गेलेली नव्हती. तिथंच माझं ठरलं.

सभेत सगळे बोलले. शकुंतलाबाई शांत होत्या. शकुंतलाबाई सोज्वळ होत्या. देशमाने उठला आणि म्हणाला, "बाई फार काटेकोर. त्यांच्या टाकीचं पाणी शुद्ध ठेवण्यात माझाही खारीचा वाटा आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्राचार्य म्हणाले, आता मालनबाई दोन शब्द बोलतील. मी म्हटलं, मी बोलत नाही. पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर ठेवल्या. एक माझी, आम्लानं धुतलेली. एक अम्मांच्या पिशवीतली. दोन्हींत सगळ्यांदेखत एकाच कुप्पीतलं डिस्टिल्ड वॉटर ओतलं. दोन्हींत मोलिब्डेट घातलं, दोन्हींत कथलाचे थेंब. कुणाला काही कळेना. देशमानेला कळलं, त्याचा चेहरा मी बघितला. प्राचार्यांना वाटलं हा काही तुमच्या घरचा विधी असेल. ते घाईनं म्हणाले, "आता आपण उभं राहून श्रद्धांजली वाहू."

सगळे माना खाली घालून उभे राहिले. मी एकटी मान वर करून बाटलीकडं बघत होते. रंग यायला थोडा वेळ लागतोच, तेवढीच शांतता मला हवी होती. आधी तळाशी धूसर झालं. मग वर चढलं. लोकांनी डोळे उघडले तेव्हा तुझ्या फोटोपुढं एक बाटली पांढरी होती आणि एक निळीगर्द.

मी म्हटलं, "दोन्हींत एकच पाणी आहे. ही निळी बाटली कपड्याच्या पावडरीनं धुतलेली आहे. टाकीच्या पाण्याच्या बाटल्या अशाच धुतल्या जायच्या. समुद्रफूल माझ्या हातानं मेलं नाही. आणि आकडे सरळ झाले ते बाटल्या आम्लानं धुवायला लागल्यावर, देशमान्यांमुळं नाही. हे शकुंतलाबाई स्वतः येऊन सांगणार होत्या. त्या आल्या नाहीत, म्हणून मी सांगितलं."

आमचे विभागप्रमुख छताकडं बघायला लागले. देशमाने बुटाकडं. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बाटलीकडं बघून म्हणाले, "बाई, उद्यापासून तपासण्या तुम्हीच बघा." बाई गं, काय सुख झालं मला! इतकी वर्षं आत कोंडून ठेवलेला श्वास मी सोडला. हसूच येत होतं. तुझ्या फोटोकडं बघून मनात म्हटलं, घे.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अम्मा उठल्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या अम्मांना मराठी कळतं, पण मी भराभरा बोलले त्यातलं किती कळलं होतं देव जाणे. टेबलाला धरून त्यांनी निळ्या बाटलीकडं बोट केलं.

"मालन, ती बाटली मी धुतली की गं. काय चुकलं का माझं?"

अख्खा हॉल माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी म्हटलं, "न्हाय अम्मा. अगदी शकूसारखी धुतली तुमी."

अम्मांचं तोंड असं फुललं म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. वळून सगळ्यांना म्हणाल्या, "मीच शिकवलं होतं तिला."

मग मला जे रडू आलं ते आवरेना. सभेत रडले नव्हते, तुझ्या अंगणात रडले नव्हते. सगळ्यांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडते आहे. वाटू दे.

आज सकाळी मी तुझ्या टाकीच्या खोलीत गेले. दारात नाही, आत. वास येतो गं शके, आमच्या विभागप्रमुखांचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. माझ्या बाटलीत पाणी घेतलं, थेंब सोडले, खिडकीत नेऊन बघितलं. नुसती निळसर छटा. पाणी चांगलं आहे. चिमूट तुझी लहानच होती, तेवढं मात्र मी कबूल करते. मासे माझ्या हाताकडं आले. मला नाही, खाण्याला ओळखतात.

अम्मांच्या बाटल्या मी आम्लात बुडवून ठेवल्या आहेत. एक सोडून. ती पावडरीच्या वासाची तशीच कपाटात ठेवली आहे. इथून पुढं कुणी माझ्यासमोर शकुंतलाबाई फार काटेकोर होत्या म्हणालं, की ती काढून निळी करून दाखवणार आहे. आणि माझी माफी तू अजून मागितलेली नाहीस, ते मी सोडलेलं नाही. वर भेटलीस ना, की आधी तुला बाटली धुवायला लावीन. माझ्यासमोर बसवून, आम्लानं. आणि विसळायला वाटीभर नाही, चांगली बादलीभर पाणी घ्यायचं.